साडेसातचं बटण

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, शिवणाच्या डब्यामागे जे काळं, चपटं खोकं दिसतंय ना, तोच मी. मी एक जुना राउटर आहे. माझ्या पाठीवर दोन शेंड्या आहेत. त्यांतली एक मोडलेली, चिकटपट्टीनं कशीबशी उभी केलेली. घरात इंटरनेट पोचवणं हे माझं काम होतं. आता मला काम नाही, आणि रिकाम्याला आठवणी फार. पण सगळ्या सांगून तुम्हाला कंटाळा आणणार नाही. तीन दिवसांची एकच गोष्ट सांगतो. ती आठवली की माझ्या विझलेल्या दिव्यांनाही अजून कापरं भरतं.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, झाकणाचे चार स्क्रू आवळले आणि मला तपासणीच्या टेबलावर ठेवलं. माझे पाचही दिवे एकदम लागले. त्या हसल्या आणि पुटपुटल्या, "जा बाबा, चांगलं घर मिळो." आशीर्वाद कुणाच्या तोंडून येईल सांगता येत नाही, पण मनापासून आलेला असला की तो लागतो. मला घर चांगलंच मिळालं.

त्या घरात तिघं होती. सासूबाई, त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई. सासूबाईंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. त्यांचा कानाला लावायचा जुना हेडफोन अजून खिळ्याला टांगलेला होता. चिरंजीव छापखान्यात, कितीही साबण लावला तरी त्यांच्या नखांतली शाई जायची नाही. सूनबाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. कुठल्या विहिरीचं, कुठल्या टाकीचं पाणी पिण्याजोगं आहे, हे बाटल्या भरभरून पाहायचं त्यांचं काम.

मला जोडायला केबलवाला आला. गोड बोलणारा, सारखा हसणारा. त्यानं भिंतीवर वायर ठोकली, माझ्यात खुपसली आणि म्हणाला, "मावशी, आता जग तुमच्या मुठीत." सासूबाई म्हणाल्या, "मूठ कुणाची ते मागाहून कळेल रे बाबा." त्या वेळी सगळे हसले.

आता एक दृष्टांत देतो, तो नीट ध्यानात ठेवा. एखाद्यानं पत्र पाठवलं आणि पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिलाच नाही, तर उत्तर कुठं येणार? इंटरनेटचंही तसंच आहे. मी चालू झालो की केबलवाल्याचं यंत्र मला आकड्यांचा एक पत्ता देई. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. घरातलं कुणीही कुठल्याही साइटवर गेलं की माझा तो आकडा बरोबर जाई. त्यामुळे उत्तर बिनचूक घरी येई. पण पलीकडच्यालाही कळे की कुठल्या दारातून कोण आलं. सोय तीच आणि धोकाही तोच. एकाच दिव्यानं वाटही दिसते आणि आपणही दिसतो.

हा आकडा मात्र कायमचा नव्हता. मला बंद करून थोड्या वेळानं चालू केलं की बहुतेक वेळा नवा मिळायचा. आणि मला रोज बंद केलं जायचं! या घराचा तो रिवाजच होता. संध्याकाळी साडेसातला ताटं मांडली की सासूबाई पदराला हात पुसत यायच्या आणि माझं बटण दाबायच्या. "दोन घास तरी एकमेकांची तोंडं बघून खा," असं म्हणायच्या. जेवण झालं, ताटं उचलली, की पुन्हा चालू. घड्याळ चुकेल, पण सासूबाई चुकायच्या नाहीत.

एकदा चिरंजीवांची बुद्धिबळाची साइट उघडेना. माझ्याआधी तो आकडा ज्याच्याकडे होता त्यानं तिथं काहीतरी वात्रटपणा केला होता, आणि करणी त्याची, शिक्षा आम्हाला. जेवणानंतर मला नवा आकडा मिळाला आणि साइट उघडली. चिरंजीव खूश. "आई, तुझ्या बोटात जादू आहे! बटण दाबलं की आपण नवीन माणसं!" मला त्या दिवशी मऊ फडक्यानं पुसलं गेलं. माझं कौतुक झालं. ते कौतुक आम्ही सगळ्यांनीच पुढं जरा जास्तच मनावर घेतलं.

मग एका मंगळवारी सूनबाई प्रयोगशाळेतून आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"काय गं, बरं नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, शाळेच्या टाकीत विष आहे."

रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरत मुरत शाळेच्या विहिरीत उतरलं होतं. सूनबाईंनी ते पाणी तीनदा तपासलं होतं. तीनदा तोच वाईट आकडा. आणि त्यांच्या साहेबांनी वहीतला आकडा खोडून चांगला लिहिला होता. वर म्हणाले होते, "तुमचं काम मोजायचं. बोलायचं काम माझं." सूनबाईंनी त्याआधीच वहीच्या चौदा पानांचे फोटो आपल्या फोनमध्ये घेऊन ठेवले होते.

"नमुना घ्यायला गेले होते ना, तेव्हा एक चिमुरडी माझ्यासमोर ओंजळभर पाणी प्यायली," त्या म्हणाल्या. "मी बघत उभी राहिले, आई. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

लोकांच्या तक्रारी वरच्या कचेरीपर्यंत पोचवणारी एक साइट होती. सूनबाईंनी ती उघडायला घेतली, पण हात मागे घेतला. त्यांना माहीत होतं, ती साइट गावात उघडत नाही. का? तर आमचा केबलवाला साहेबांचा मेव्हणा. मागं कारखान्याविषयी कुणीतरी तिथं लिहिलं, तेव्हापासून त्यानं ती साइट आपल्या यंत्रावर अडवून ठेवली होती. आणि त्या बंद दारावर कोण टकटक करतं, हेही तो बघायचा. मोबाइलचं नेट तर आमच्या भागात धड चालायचंच नाही.

"मग व्हीपीएन लावते," सूनबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी विचारलं, "ते काय असतं?"

"आपलं पत्र एका बंद पाकिटात घालून दूरच्या एका यंत्राकडे पाठवायचं. ते यंत्र पाकीट उघडणार आणि पत्र स्वतःच्या पत्त्यानं पुढं धाडणार. केबलवाल्याला नुसतं बंद पाकीट दिसणार. साइटला त्या दूरच्या यंत्राचा आकडा दिसणार, आपला नाही."

सासूबाईंच्या ते चटकन ध्यानात आलं. एक्स्चेंजची बाई ती! म्हणाल्या, "म्हणजे जवळच्या ऑपरेटरला चुकवून दूरच्या ऑपरेटरवर भरवसा टाकायचा. तो दूरचा तरी प्रामाणिक आहे का?"

सूनबाईंना हसू आलं. त्या दिवसातलं ते एकच हसू. "म्हणून तर फुकटातलं पहिलं दिसेल ते घेतलं नाही. दुपारभर चौकशी करून निवडलंय."

सात वाजून गेले होते. लॅपटॉपवर व्हीपीएन लागला, माझ्यातून ती बंद पाकिटं जाऊ लागली. आत काय आहे हे मला कळत नव्हतं. वायर संथ होती. एक फोटो गेला. दुसरा गेला. सूनबाई नखं कुरतडत बसल्या होत्या. तेवढ्यात चिरंजीव आले. त्यांना सगळं सांगत सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या. सातवा गेला. आठवा गेला. नववा गेला.

आणि साडेसात वाजले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सासूबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांचं मन त्या ओंजळीतल्या पाण्यात अडकलं होतं, पण बोट मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीनं चाललं. टक. माझे पाचही दिवे गेले.

सूनबाई ताटं घेऊन बाहेर आल्या आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. "आई! बटण!"

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. चूक सुधारायच्या घाईत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"थांबा, आधी लॅपटॉप..."

पण मी जागा झालो होतो. घात तिथंच झाला. मी झोपलो तसा व्हीपीएन तुटला होता. आता मी उठलो, पण तो उठला नाही. लॅपटॉपला मात्र दहावा फोटो पाठवायची घाई. पाकीट नाही, पडदा नाही, माझाच उघडा आकडा कपाळावर लावून तो त्या अडवलेल्या साइटचं दार ठोठावू लागला. एकदा. दोनदा. सूनबाईंना काय होतंय ते उमजून त्यांनी लॅपटॉप मिटेपर्यंत तेरा वेळा.



मग चिरंजीव म्हणाले, "त्यात काय एवढं? दहा वेळा बंद-चालू करू. आकडा बदलेल, आपण नवीन माणसं!"

सासूबाई ताटासमोर बसल्या होत्या, पण घास तसाच. त्या हळूच म्हणाल्या, "नाही रे. आमच्या एक्स्चेंजला वही असायची. किती वाजता कुठली लाइन कुणाकडे होती, सगळं त्यात. त्याच्याकडेही असणार. अंगरखा बदलला म्हणून वहीतली ओळ बदलत नाही." आणि मग, "माझ्या हातून झालं, पोरी."

सूनबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उठून लॅपटॉप पुन्हा उघडला. या वेळी आधी एक खूण केली: व्हीपीएन तुटला तर इंटरनेटच थांबव. म्हणजे पडदा पडला की दारही आपोआप बंद. ती खूण मघाशीच करायला हवी होती, पण घाईत राहून गेली होती. उरलेले पाच फोटो एकेक करून गेले. सासूबाई हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या, जणू बोटं पुन्हा पळतील.

बुधवारी सकाळी केबलवाला आला. तसाच हसत.

"मावशी, राउटर जुना झाला. नवा देतो, हा घेऊन जातो."

"मी विकत घेतलेला आहे तो. राहू दे."

"तसं नाही." त्यानं मोबाइल काढला. "काल संध्याकाळी सात चौतीसला तुमच्या घरातून एक बंद साइट कुणीतरी उघडत होतं. तेरा वेळा. कोण होतं?"

मी भिंतीवरच्या माझ्या फळीवर होतो. घरात सासूबाई एकट्या. मला वाटलं, आता खोटं बोलतील. पण ती बाई आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. आणि खरं बोलल्या तर सूनबाई बुडाल्या.

सासूबाईंनी खिळ्यावरच्या हेडफोनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले. कोण कुणाशी रडलं, कोण कुणावर ओरडलं, माझ्या सख्ख्या आईलाही सांगितलं नाही. तुला सांगू होय? अरे, देवसुद्धा सगळं बघतो, पण चहाडी करत नाही. पोटात ठेवतो. म्हणून त्याच्यापुढं माणूस मन मोकळं करतो. लाइन देणाऱ्यानं लाइन द्यावी. कान लावू नये."

त्याचं हसू पहिल्यांदा गेलं. "लाइन कापावी लागेल."

"काप."

खाली जाऊन त्यानं खरंच कापली. माझा पाचवा दिवा लाल झाला तो लालच राहिला.

संध्याकाळी सूनबाई आल्या. चेहरा उतरलेला. साहेबांना मेव्हण्यानं सगळं सांगितलं होतं. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "उद्या तुमचा फोन घेऊन केबिनमध्ये या."

"पुसून टाक ना ते फोटो," चिरंजीव म्हणाले.

"साहेबांनी आज वहीतली ती पानंच फाडली. आता मूळ पुरावा हा फोन. पुसला तर पाठवलेलंही खोटं ठरवतील."

मग काय करायचं? सासूबाई उठल्या. त्यांनी फोन बंद केला, रुमालात गुंडाळला आणि फळीवर माझ्या पोटाखाली सारला. "उद्या फोनशिवाय जा," म्हणाल्या. "विचारलं तर म्हण, घरी आहे. खरंच घरी आहे."

तो गुरुवार मी विसरू शकत नाही. सूनबाई सकाळी गेल्या. त्यांच्याकडे फोन नाही, घरात इंटरनेट नाही. दुपार झाली. सहा वाजले. त्या रोज सहाला येत. सासूबाई दाराशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. चिरंजीव छापखान्यातून थेट प्रयोगशाळेकडे गेले, तेही परतेनात. सात वाजले. जिन्यात पावलं वाजली की सासूबाई उठायच्या. ती पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. त्यांनी ताटं मांडली. तीन. ओठ हलत होते; नामस्मरण चाललं होतं की सुनेला हाक, कुणास ठाऊक.

साडेसात वाजले. त्या माझ्याजवळ आल्या. बोट बटणावर ठेवलं. बंद करायला काहीच नव्हतं, लाइन तर कापलेली. त्यांनी बटण दाबलं नाही. नुसता हात माझ्यावर ठेवून उभ्या राहिल्या.

सव्वाआठला दार वाजलं. दोघंही होती. आणि त्यांच्यामागे हातात कागदांची फाइल घेतलेल्या एक अनोळखी बाई.

सूनबाईंनी चपलाही काढल्या नाहीत. "आई, फोन द्या."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "या कोण?"

"वरच्या कचेरीतून आल्यात. अकरा वाजता चौघं आले, सगळ्या वह्या सीलबंद केल्या. दुपारीच शाळेची टाकी बंद झाली, आई! मुलांना दुसरीकडून पाणी आलं. पण वहीतली पानं नाहीत. साहेब म्हणतात, फोटो बनावट आहेत. मग कचेरीच्या लोकांनी आम्हा सगळ्यांना एकेकट्याला विचारलं. तक्रार कुणी केली, हे त्या साइटनं त्यांनाही सांगितलेलं नव्हतं."

"मग?"

"मग मी सांगितलं. मीच."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, एवढं लपवलंस ते कशासाठी?"

सूनबाई खाली बसल्या. आता कुठं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "साहेबांना कळू नये म्हणून. पोरांचं ते विषारी पाणी थांबेपर्यंत. आई, पडदा आपल्या हातात असला ना, म्हणजे तो कुणासमोर बाजूला करायचा हेही आपल्या हातात राहतं. मेव्हण्यानं ओढला, ती चोरी. आज मी स्वतः काढला."

सासूबाईंनी माझ्या पोटाखालून तो रुमाल काढला आणि स्वतःच्या हातानं त्या बाईंना दिला.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगणार नाही. चौकशी चार महिने चालली. सूनबाई रोज कामावर जायच्या आणि तिथं कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. साहेब गेले, पण साहेबांचे मित्र उरले. घरात मात्र दुसऱ्याकडून नवी लाइन आली, आणि त्या नव्या वायरीचं टोक माझ्यात बसेना. नवा, पांढरा राउटर भिंतीवर चढला. मी शिवणाच्या डब्यामागे गेलो. आज मला कुठलाच पत्ता नाही. जगात कुणी मला हाक मारू शकत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आठवड्याला एकदा सासूबाई मला पुसतात आणि हेडफोनवरची धूळही पुसतात. आम्ही दोघं सेवानिवृत्त.

मित्रांनो, माझं एवढं मागणं आहे. तुमच्या घरातल्या राउटरला निर्जीव समजून कोपऱ्यात टाकू नका. तो आला त्या दिवशीचा पासवर्ड तसाच ठेवू नका. केबलवाल्यानं माझा कधी बदलला नव्हता. आकडा बदलला की आपण अदृश्य झालो, असं मानू नका. दूरच्या यंत्रावर भरवसा टाकताना ते कुणाचं आहे, विचारा. आणि दुसऱ्याची लाइन तुमच्या हाती आली, तर तिला कान लावू नका.

या घरात साडेसातचा रिवाज अजून आहे. ताटं मांडली की सासूबाई पदराला हात पुसत पांढऱ्या राउटरपाशी येतात. बोट बटणाजवळ नेतात आणि थांबतात. मग मोठ्यानं विचारतात, "कुणाचं काही चाललंय का रे?"

आतून दोन्ही आवाज "नाही" म्हणेपर्यंत त्या बटण दाबत नाहीत.